घराचं पासिंग

समोरची वस्तू आणखी किती वर्षं टिकेल हे सांगितल्याशिवाय जागचा न हलणारा माणूस माझ्या धाकट्या दिरासारखा अख्ख्या खानदेशात दुसरा नाही, आणि नाही तेच बरं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता. माहेरून आलेल्या माझ्या पितळी हंड्यावर बोटांची पेरं वाजवून तो म्हणाला, "वहिनी, हा तुमच्यापेक्षा जास्त टिकेल." हंडा अजून आहे. मीही आहे. निकाल लागायचा आहे. पुढे त्यानं धुळ्याला ट्रकच्या बॉड्या बांधायचं वर्कशॉप काढलं आणि या खोडीला धंद्याचं रूप आलं. आमच्या रावेरकडून केळी भरून उत्तरेकडे जाणारे ट्रक त्याच्याकडे दुरुस्तीला यायचे. तो ट्रकभोवती एक फेरी मारायचा, चार ठिकाणी ठोकायचा आणि मालकाला सांगायचा, "पत्रा पाच वर्षं, लाकूड सात, ड्रायव्हर दोन." तिथवर ठीक होतं, पण हा धंदा तो घरीदारी घेऊन फिरायचा. एका लग्नात रुखवतातलं लोखंडी कपाट ठोकून त्यानं नवरीच्या बापाला तोंडावर सांगितलं, "चार वर्षं, फार तर साडेचार." मागे उभ्या नवरीला वाटलं लग्नाचं बोलतोय. ती रडायला लागली, आणि तिची समजूत घालता घालता मुहूर्त टळायची वेळ आली. माझे गुडघे दुखायला लागले तेव्हा मी त्याच्यासमोर उठताना कण्हले, तर म्हणाला, "वहिनी, स्प्रिंगचे पाटे बसले तुमचे." मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या डोक्यातले नट आधी आवळून घ्या, मग माझे पाटे बघा."

साठ वर्षांचा झाल्यावर त्यानं वर्कशॉप दुसऱ्याच्या हवाली केलं. भाड्याचं घरही सोडायचं होतं. पोरगा नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहतो, तो म्हणत होता, आता धुळ्यात एक फ्लॅट घेऊन टाका, जागेची किंमत वाढतच जाते. माझी जाऊ तर स्वयंपाकघराच्या ओट्याचा रंगही ठरवून बसली होती. आणि एक दिवस हा गृहस्थ बंद पडलेल्या एका शाळेची मिनीबस घेऊन माझ्या दारात उभा. तीन वर्षं शाळेत गेलेली गाडी, म्हणजे माझ्यापेक्षा एकच इयत्ता कमी.

मी म्हटलं, "हे काय?"

"घर."

"भाऊजी, याला चाकं आहेत."

"तेच तर," तो म्हणाला आणि मला ओसरीवर बसवून हिशेब समजावून सांगायला लागला. "सिमेंटचं घर साठ वर्षं टिकतं. मी आज साठचा. आणखी साठ वर्षं टिकणारं घर घेऊन मी काय करू, सांगा? ही गाडी नीट ठेवली तर एकूण वीस वर्षं जाते. पंधराव्या वर्षी सरकारी तपासणी, पासिंग. पास झाली की पुढची पाच. तीन झालीत, सतरा उरली. म्हणजे मी सत्त्याहत्तरचा. बस झालं की! दोघं बरोबरच भंगारात."

जाऊ गाडीच्या पायरीशी उभी होती. ती म्हणाली, "आणि मी?"

तो जरा गडबडला. मग म्हणाला, "तुझी दोन वर्षं जास्त धरलीत."

गाडी मात्र त्यानं अशी बांधली की शत्रूनंसुद्धा नाव ठेवू नये. दोन्ही बाजूंनी अंथरायच्या बाका, खाली धान्याचे डबे, मागे परातीएवढी मोरी, छतावर पाण्याची टाकी, शेगडीच्या मागे मसाल्याच्या बाटल्या अडकवायला पट्टी. कितीही खड्ड्यातून गेली तरी काळा मसाला तिखटात मिसळत नसे. खाली प्लायवर फरशीच्या नक्षीची जाड चटई चिकटवली होती, ती लांबून खरी फरशी वाटे. जाऊ म्हणाली, वास्तुशांत केल्याशिवाय मी आत पाय ठेवणार नाही. गुरुजी आले. त्यांनी विचारलं, "दार कोणत्या दिशेला आहे?" हा म्हणाला, "तुम्ही सांगाल तिकडं करतो," आणि खरंच गाडी चालू करून त्यानं दार पूर्वेला आणलं. गुरुजी म्हणाले, इतक्या वर्षांत असा यजमान मिळाला नाही. वास्तुशांत झाली, पण भाड्याचं घर सोडताना जाऊनं पोराकडे पाठवलेली कपड्यांची पेटी नाशिकहून काही आली नाही. ती एक पिशवी घेऊन गाडीत यायची, चार दिवस राहायची आणि पोराकडे निघून जायची. मला म्हणाली, "अक्का, चाकावरच्या खोक्यात संसार होतो का? मी पाहुणी म्हणून येते, पाहुणी म्हणून जाते."

तो एकटाच हिंडायला लागला. दोंडाईच्याला बाजारात गाडी लावून त्यानं विजेच्या खांबाला दोरी बांधली आणि धोतर वाळत घातलं. पोलीस आला, म्हणाला, गाडी हटव. आपला हा कमरेवर हात ठेवून म्हणतो, "दादा, हाई गाडी नई, घर शे. घर कसं हटाडू?" पोलीसही आपल्याकडचाच निघाला. म्हणाला, "मंग घरपट्टीनी पावती दखाड." त्याबरोबर यानं धोतर ओढलं नि म्हणाला, "गाडी शे, दादा, गाडी शे." मुक्ताईनगरला देवळाजवळ मुक्काम केला, तर सकाळी दार उघडतो तो बाहेर रांग. पांढरी गाडी नि निळा पट्टा बघून लोकांना वाटलं सरकारी दवाखाना आला. यानं समजावून सांगितलं तसे सगळे गेले, पण एक आबा काही केल्या हलेनात, तपासल्याशिवाय जाणार नाही म्हणाले. शेवटी यानं त्यांना पायरीवर बसवलं, पाठीवर चार ठिकाणी ठोकलं आणि सांगितलं, "दहा वर्षं काही होत नाही." आबा त्याच्या पाया पडून, तरणेबांड होऊन गेले. हे मला जाऊनं सांगितलं, आणि सांगताना हसली, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. कारण ती तिथं होती. तोवर तिची पेटी गाडीत आली होती.

ती कशी आली ते मला तेव्हा कळलं नव्हतं. एवढंच माहीत होतं की एका आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, तिनं पदर खोचला, बादल्या भरल्या आणि गाडी आतून धुऊन काढली. आमच्याकडे सण आला की घर धुवायचं ही रीत आहे, आणि श्रावणात कानबाई देवी बसायच्या आधी तर भावकीतलं एकूण एक घर कोपऱ्या-कोपऱ्यातून धुऊन निघालं पाहिजे. ती आधी पाणी ओतते, मग खराट्यानं घासते, मग पुन्हा पाणी ओतते. ओल्या फडक्यानं पुसणं तिच्या लेखी आळशी बायकांचं काम. तेव्हापासून आखाजी, कानबाई, दिवाळी, तिन्ही सणांना गाडीच्या दारातून पाण्याचे लोट. आणि प्रत्येक सणानंतर हा दोन-दोन दिवस गाडीखाली आडवा. जाऊ वैतागायची. "लोकांचे नवरे सणाला पाटावर बसतात, माझा चाकाखाली झोपतो! काय करता हो तिथं?" खालून आवाज यायचा, "ऑइल बघतो."

अशी बारा वर्षं गेली आणि पासिंगचं वर्ष उजाडलं. कागदाची मुदत संपायला आठवडा होता. पोरानं फोनवर बजावलं, पास झाली तर तुमच्या मनासारखं करा, नाही झाली तर दोघांनी नाशिकला यायचं, मी खोली रिकामी केलीय. म्हणजे पाच वर्षं रस्त्यावर की उरलेला जन्म तिसऱ्या मजल्यावर, एवढाच प्रश्न होता. त्याचा चेहरा दहावीच्या पोरासारखा झाला होता. जाऊ म्हणाली, "अक्का, तुम्ही चला, तुमच्यासमोर साहेब जरा नीट बोलेल." साहेब माझ्यासमोर का नीट बोलावा हे मला कळलं नाही, पण मी धुळ्याला गेले.

त्यानं गाडीला नवा रंग दिला होता, आरसे पुसले होते, पुढे लिंबू-मिरची बांधली होती. तपासणीचा साहेब तिशीचा, शांत पोरगा होता. दिवे बघितले, ब्रेक बघितले, हॉर्न वाजवला. मग हातात टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली शिरला. माझा दीर आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांना ठोकत आला, पण त्या दिवशी आपल्या गाडीला कोणी ठोकतंय म्हटल्यावर त्यानं तोंड फिरवून भिंतीवरची पाटी वाचायला घेतली. पाटी एका ओळीची होती. तो बराच वेळ वाचत होता.

साहेब बाहेर आला. म्हणाला, "काका, वरून नवरी आहे, पण खालून चाळण झालीय. खालच्या सांगाड्यात, चासीत, स्क्रू-ड्रायव्हर आरपार जातोय."

"वेल्डिंग मारतो ना, साहेब."

"कशाला मारणार? धरायला लोखंड तर पाहिजे."

जाऊ पुढे झाली. "पण झालं कशानं हो असं? एवढी निगुतीनं ठेवलेली गाडी!"

साहेब म्हणाला, "मावशी, आतून पाणी..."

"पावसानं!" माझा दीर एवढ्या मोठ्यानं ओरडला की रांगेतला रिक्षावाला दचकला. "पावसानं झालं. बारा पावसाळे उघड्यावर उभी होती ना." आणि त्यानं साहेबाकडे असं बघितलं की साहेबानं एकदा जाऊकडे बघितलं आणि तो म्हणाला, "हो. पाऊसच." त्याचं लग्न झालेलं असावं.

जाऊ नळावर बाटली भरायला गेली तेव्हा मी त्याला धरला. "भाऊजी, धुळ्यात पाऊस पडतो किती? मला उल्लू बनवू नका."

तो भिंतीला टेकला. "वहिनी, पहिल्या आखाजीलाच मला कळलं होतं. पाणी चटईखाली जातं, प्लायमध्ये मुरतं नि चासीवर बसून राहतं. माझा जन्म गेला यात. मी कोपऱ्यात भोकं पाडली, दर सणाला खाली झोपून गंजू नये म्हणून लाल रंग मारला. किती पुरणार?"

"मग तिला सांगायचं ना, बाई, पुसून घेत जा म्हणून! वीस वर्षं टिकली असती."

"सांगणारच होतो. तोंड उघडलं, तर ती घासता घासता म्हणाली, घर धुऊन झालं की नाशिकहून माझी पेटी घेऊन या." तो नळाकडे बघत होता. "तोवर ती त्याला खोकं म्हणायची. मग कसं सांगू?"

मी तोंडाची फटकळ आहे. जे सुचलं ते बोलून टाकलं. "रावेरला माझ्या मळ्यात कडुनिंबाखाली जागा रिकामी आहे. कागद संपायच्या आत गाडी तिथं आणून लावा. उभ्या गाडीला पासिंग लागत नाही. पण सकाळी सकाळी माझं दार ठोकून किती टिकेल ते सांगायचं नाही."

त्याच दिवशी निघालो. गाडीचा तो शेवटचा प्रवास, मला वाटलं दोघं गप्प बसतील. कुठलं काय! धुळं सुटायच्या आत जाऊनं तोंड सोडलं. "बारा वर्षं मी आतून आरशासारखं ठेवलं आणि तुम्हाला वरून एक ताडपत्री टाकता आली नाही!" तो म्हणाला, "चुकलं." पारोळा आलं. "लोकांच्या ट्रकची काळजी, स्वतःच्या घराची नाही!" "चुकलं माझं." एरंडोलला ती पाणी प्यायली आणि तिथून नव्यानं सुरुवात केली. जळगावला आम्ही शेवभाजी खाल्ली, तेव्हा भाजीवाल्यालाही तिनं सगळं सांगितलं, आणि भाजीवाल्यानंही याला चार शब्द सुनावले. हा रस्सा भुरकत मान हलवत होता. भुसावळ गेलं, सावदा गेलं, तिचा आवाज बसला, पण विषय संपला नाही. मी मागच्या बाकावर बसून होते. दीडशे किलोमीटर माझी जीभ खाजत होती. इतकी वर्षं मी कोणाचं ऐकून घेतलं नाही की कोणाचं झाकून ठेवलं नाही, आणि त्या दिवशी दोन्ही केलं. आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. इतक्या शिव्या खाणारा आणि इतका निवांत माणूस मी पाहिला नाही.

आता गाडी माझ्या मळ्यात विटांच्या थरावर उभी आहे. चाकं काढून टाकली. पोरगा येऊन बघून गेला, म्हणाला, आता याची किंमत शून्य. खरंच असेल, त्याला बँकेतलं कळतं. आईवडिलांना न्यायला आला होता, पण आईनं त्याला पिठलं-भाकरी खाऊ घालून परत लावून दिलं. हे सगळं मी लिहिलंय, ते जाऊच्या वाचनात येईल. येऊ दे. तिला एवढं ओळखते की वाचून झाल्यावर ती म्हणेल, अक्का म्हाताऱ्या झाल्या, काहीही लिहितात.

परवा कानबाई होती. छतावर आता हिरवी ताडपत्री आहे, स्वच्छ ऊन पडलेलं असलं तरी असते. जाऊनं सकाळीच पदर खोचला. माझा दीर पाण्याच्या मोटरीजवळून बादल्या वाहत होता. बहात्तरीत आहे, दर खेपेला मध्येच बादली खाली ठेवून दम खायचा. मी बाजेवरून म्हटलं, "भाऊजी, पुरे करा की, झालं स्वच्छ." त्यानं ऐकलं नाही. दाराशी जाऊन आत डोकावून विचारलं, "अजून एक आणू का गं?"

"आणा," आतून आवाज आला, "आणि भरून आणा, मागच्या खेपेला अर्धी होती."

गाडीखाली विटा भिजल्या होत्या, पाणी थेंब थेंब गळत होतं, आणि तो रिकामी बादली घेऊन पुन्हा मोटरीकडे निघाला.