वैशाली घरीच असती

ऑफिसात जाणाऱ्यांचं बरं असतं. किस्से तिकडे घडतात आणि घरी येऊन सांगता येतात. माझं ऑफिस घरातच आहे, त्यामुळे ज्यांच्यापायी किस्सा घडला त्यांनाच तो सांगायची वेळ येते. ते म्हणतात, यात हसण्यासारखं काय आहे? मग किस्से साठत जातात, एकावर एक, जुन्या साड्यांसारखे. म्हणून आज तुम्हाला धरलंय.

आधी स्टाफची ओळख. मी वैशाली. आम्ही सिडकोत राहतो. तीन वर्षांपूर्वी मी शाळेची नोकरी सोडली आणि घरून आवाजाची कामं घ्यायला लागले. ऑडिओबुक वाचायचं, कंपन्यांच्या ट्रेनिंग व्हिडिओंना आवाज द्यायचा. नवरा संदीप वाळूजला कंपनीत आहे, मुलगी ओवी दुसरीत. आणि सासूबाई, ज्यांना मीही आईच म्हणते.

आईंचा जन्म बिडकीनजवळच्या शेतात राबण्यात गेला. सकाळी घराबाहेर पडायचं आणि संध्याकाळी थकून यायचं, याला त्या काम म्हणतात. मी त्यात कुठेच बसत नव्हते. माझ्याबद्दल कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "वैशाली व्हय? ती घरीच असती." खरं सांगते, ते मला दर वेळी लागायचं. त्यांनी एकदा, फक्त एकदाच, याला काम म्हणावं एवढीच माझी इच्छा होती.

*

रेकॉर्डिंगमध्ये आवाज घुमून चालत नाही. आमच्या घरात सगळ्यात कमी घुमतो तो गोधड्यांच्या कपाटात. मोठं, भिंतीतलं कपाट आहे. खालचा कप्पा काढला, स्टूल ठेवलं, माइक लावला, की झाला स्टुडिओ.

एकदा कादंबरीतली नायिका हंबरडा फोडते असा प्रसंग होता. मनासारखा येईना, म्हणून मी तो पाच वेळा फोडला. नेमक्या शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी घाबरून विचारलं तर आई शांतपणे म्हणाल्या, "काय नाय ओ, वैशाली हाय. दुपारची बसती कपाटात."

संध्याकाळी काकूंनी संदीपला जिन्यात गाठलं आणि कन्नडच्या पुढच्या एका महाराजांचा पत्ता दिला. लवकर नेलं तर फरक पडतो म्हणाल्या. तो पत्ता संदीपनं अजून पाकिटात ठेवलाय. फेकत का नाही, ते सांगत नाही.

*

आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. कूलरशिवाय दुपार निघत नाही, आणि कूलर चालू असला की रेकॉर्डिंगमध्ये ट्रॅक्टर चालल्यासारखं ऐकू येतं. मी कूलर बंद करायची, आई चालू करायच्या. दिवसातून सात-आठ वेळा हा खेळ चालायचा. शेवटी मी मिस्त्रीला बोलावलं आणि याचा आवाज बंद करून द्या म्हटलं.

रफीकभाईंनी कूलरची चारी बाजूंनी पाहणी केली, माझी पण केली. मग म्हणाले, "भाभी, तीस साल से ये काम कर रा मैं. आवाज नहीं आरी बोलके लोगां मेरेकू बुलाते."

*

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाच-सहा दिवसांनी येतं, तेही कधी येईल ते नळालाच माहीत. त्यामुळे पाणी आलं की घरात जो असेल त्यानं, जे हातात असेल ते टाकून, पळायचं. हा नियम सगळ्या नियमांच्या वरचा.

बेंगळुरूच्या एका मॅडमशी माझी व्हिडिओ मीटिंग चालली होती. काम दोन दिवस उशिरा झालंय, एवढाच विषय होता आणि त्या चांगल्याच तापल्या होत्या. तेवढ्यात आई हातात पाइप घेऊन खोलीत शिरल्या. "पाणी आलंय! ऊठ!" मी घाईघाईत मॅडमना इंग्रजीत सांगितलं की घरात पाणी आलंय, मला जावं लागेल, आणि पळाले.

टाकी भरून, ओल्या अंगानं परत आले तर मेल येऊन पडला होता. सगळे सुरक्षित आहात ना, सामान वरच्या मजल्यावर हलवा, कामाची अजिबात काळजी करू नका, आठवडाभर वाढवून दिलं आहे.

मी उत्तर लिहिलं, "आता पाणी ओसरलं आहे."

*

गावाकडून कुणी दवाखान्यासाठी, कुणी जमिनीच्या कागदांसाठी आलं की उतरायला आमचंच घर. एकदा चुलत सासरे न सांगता चौघांना घेऊन आले. आईंनी परस्पर कबूल करून टाकलं, "बसा की जेवूनच. वैशाली घरीच हाय."

माझी फाइल तासाभरात द्यायची होती. मग एका हातात झारा, दुसऱ्या हातात मोबाइल, असं मी स्वयंपाकघरातच उरलेलं वाचून काढलं. दुसऱ्या दिवशी क्लायंटचा फोन आला. तिसऱ्या मिनिटाला फोडणीचा आवाज येतोय म्हणाले. पुन्हा करून देते म्हटलं, तर म्हणाले, राहू द्या, विषयाला धरूनच आहे.

विषय होता, घर आणि काम यांचा समतोल.

*

ओवीच्या शाळेत "माझी आई कामावर" असं चित्र काढायला सांगितलं. तिनं बंद कपाट काढलं. बाईंनी विचारलं, यात आई कुठाय?

ओवी म्हणाली, "आत."

*

आता शेवटचा. समोरच्या जाधवांच्या अक्षयची हळद होती. गल्लीत मांडव, डीजेचे माणसाएवढे डबे. माझ्या ऑडिओबुकचं शेवटचं प्रकरण नेमकं त्याच दिवशी चारच्या आत पाठवायचं होतं. सकाळीच मी आईंच्या कानावर घातलं होतं की आज माझी खरी परीक्षा आहे. त्या लसूण सोलत राहिल्या.

पण देवाच्या कृपेनं वाचन झरझर झालं. अडीचला फाइल गेलीसुद्धा. मी कपाटातून निघून पलंगावर टेकले. खोलीचं दार बंदच होतं. डोळा कधी लागला कळलं नाही.

जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते आणि गल्ली चिडीचूप होती. लग्नघर समोर असून एवढी शांतता? मला भीतीच वाटली. पुढचं दार उघडलं.

अख्खी गल्ली भरलेली होती. पिवळ्या साड्यांतल्या बायका खुर्च्यांवर गप्प बसलेल्या. डीजेवाला हाताची घडी घालून उभा. पाटावर अक्षय, तोंडावरची हळद वाळून तडकलेली. आणि मांडवाच्या मधोमध, माझ्याकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून आमच्या आई. जाधवांच्या मामांना सांगत होत्या,

"लई घाई असंल तर घरी जा. माझ्या सुनंचं ऑफिस चालूय. ती भाईर येईस्तोवर बटन दाबायचं नाय."

मी उंबऱ्यातच थांबले. तेवढ्यात कुणीतरी मला पाहिलं आणि सगळी गल्ली वळली. माझे केस विस्कटलेले, गालावर उशीच्या शिलाईचा वळ. अक्षय पाटावरून अर्धा उठून म्हणाला, "वहिनी, सुटलं का ऑफिस?"

मी आईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"अजून दहा मिनिटं," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.