शशीची जीप आणि आईचं प्रस्थान

माझ्या बायकोला, शशीला, एखादी वस्तू चालते एवढ्याने भागत नाही. ती कशी चालते हे कळल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. कार्डिफच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते आणि घरी आली की टोस्टर उघडून बसते. माझं डोकं फिरतं, पण ऐकतंय कोण!

१९९३ साली माझी आई रत्नागिरीहून आली. तिचा दादा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मालवाहू बोटीवर खलाशी होता. ती बोट स्कॉटलंडच्या उत्तरेला बुडाली. "तो समुद्र एकदा डोळ्यांनी बघू दे," एवढंच तिचं मागणं. पण गुडघे पार गेलेले आणि तो समुद्र दिसतो त्या कड्यापर्यंत नुसता खडकाळ चढ. म्हणून शशीने राहायला जुनी मोटरहोम घेतली आणि चढासाठी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप. जीप मोटरहोमच्या मागे ओढत न्यायची.

"ओढताना जीपची गिअरबॉक्सही फिरते का?" शशीने गराजवाल्याला पिडलं. फिरते, आणि इंजिन बंद असल्याने आत तेल खेळत नाही, म्हणून जळते. गिअरशेजारचा छोटा दांडा न्यूट्रलला टाकला की ती फिरत नाही. गुरुवारी शशीने तो दांडा, स्टिअरिंगचं लॉक, साखळी, मागचे दिवे, सगळं तपासलं.

तेवढ्यात आई म्हणाली, "उद्या अमावास्या. आजच प्रस्थान ठेवा." म्हणजे चांगल्या वेळी सामान घराबाहेर नेऊन ठेवायचं, निघायचं मग केव्हाही. मी वैतागलो. शशीने मात्र हसत आईची पिशवी जीपमध्ये टाकली आणि जीप गल्लीच्या टोकाला लावून आली.

सकाळी तिथेच जीप जोडून निघालो. मोटरवे यायच्या आत शशी ओरडली, "अहो, थांबवा!"

"आता काय?"

"एकदा बघू दे ना."

करवादत मी गाडी कडेला घेतली. ती जीपखाली आडवी झाली, हात घातला आणि झटकन मागे घेतला. गिअरबॉक्स चांगलीच तापली होती. प्रस्थानाला जीप नेताना न्यूट्रलमधून काढलेला छोटा दांडा तसाच राहिला होता!

आईचा चेहरा उतरला. "माझ्या प्रस्थानापायी गं?"

"नाही हो आई, मीच विसरले." शशीचे डोळे भरले. गिअरबॉक्स गेली असती तर आईचा कडा कायमचा राहिला असता. परतीचं तिकीट पुढच्याच आठवड्यातलं. गिअरबॉक्स निवल्यावर तिने इंजिन चालू केलं, एकेक गिअर टाकून कान लावला. आवाज ठीक होता. मग दांडा न्यूट्रलला टाकून मला गाडी अगदी हळू न्यायला लावली आणि स्वतः वाकून जीपखाली बघत बाजूने चालली. आईनेही खिडकीतून मान बाहेर काढली. "आता फिरत नाही ना गं ते?"

रविवारी जीप हिसके देत कड्यावर चढली. शशीचा दंड धरून आई उतरली. मला वाटलं, हात जोडेल. ती वाऱ्यात उभी राहिली आणि समुद्राला मोठ्याने विचारलं, "दादा, एवढ्या थंडीत अंगात स्वेटर तरी होता का रे तुझ्या?"