फडावर गेलेली पुस्तकं

आमच्या गावात वाचनालय आहे, हे गावातल्या कितीतरी जणांना ठाऊक नव्हतं आणि मी त्या वाचनालयाची ग्रंथपाल होते. पाथर्डीच्या बाजूचं, आठवडे बाजार भरणारं मोठं गाव. ग्रामपंचायतीच्या इमारतीमागून एक लोखंडी जिना वर जातो. वर दोन खोल्या, तेच वाचनालय. सकाळी काही म्हातारी माणसं पेपर वाचायला यायची, दुपारी परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं आपापली पुस्तकं घेऊन पंख्याखाली बसायची. कपाटं मात्र क्वचितच उघडली जायची.

माझं माहेर नगरमधल्या सावेडीचं, शिक्षण ग्रंथालयशास्त्राचं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून पंचायतीत कामाला हाय." मला कमी लेखायचा त्यांचा हेतू नव्हता. पंचायत म्हटलं की माणसांना काहीतरी कळतं. ग्रंथपाल म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "म्हंजी काय करता?"

एकदा वरच्या कार्यालयातून एक बाई तपासणीला आल्या. स्टँडवर उतरून त्यांनी वाचनालय विचारलं, तर एकानं त्यांना शाळेत पाठवलं आणि दुसऱ्यानं झेरॉक्सच्या दुकानात. जिना चढून आल्या तेव्हा त्या घामानं निथळत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं, पाणी प्यायल्या आणि जाताना म्हणाल्या, "काम नीट आहे तुमचं. पण वाचनालय गावाला दिसतच नाही हो." त्या रागावल्या असत्या तर मी विसरून गेले असते. त्या हळहळून बोलल्या, म्हणून ते वाक्य मनात रुतलं.

मग मी बाजाराच्या दिवशी टेबल मांडायचं ठरवलं. वाचनालयाचे अध्यक्ष गावातले एक वयस्कर बागायतदार आहेत, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. ते ऐकून हसलेच. "सूनबाई, पुस्तकं काय मेथीची जुडी हायेत का, बाजारात मांडायला?" पण त्यांनी नाही असंही म्हटलं नाही.

बांगडीवाली आणि भांडीवाला यांच्यामधे मला जागा मिळाली. पहिल्या बाजारी लोकांनी भाव विचारला. कुणाला वाटलं सरकारी योजनेचे फॉर्म आहेत, कुणाला वाटलं देवाधर्माची पोथी विकतेय. "विकायचं नाही, वाचायला न्यायचं," असं सांगून माझा घसा बसला. दुपार कलता कलता एक बाई आली. तिशीची असावी, डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी. तिनं एक जाड कादंबरी उचलली आणि उभ्याउभ्याच पहिलं पान वाचलं. ओठ हलत होते. वाचून झाल्यावर म्हणाली, "सातवी झालीय माझी. पर हे आमाला न्हेता येतं का? आमी दिवाळी झाली की कारखान्याला जानार. पार उन्हाळ्यातच माघारी."

आमच्याकडे पंधरा दिवसांत पुस्तक परत करायचा नियम. ऊसतोडीला गेलेलं माणूस पंधरा दिवसांत कसं येणार? गावातली कितीतरी घरं वर्षातला अर्धा काळ उसाच्या फडावर असतात आणि आपल्या नियमात त्यांच्यासाठी जागाच नाही, हे त्या दिवशी, तिच्यासमोर उभी असताना माझ्या लक्षात आलं.

मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "चुलीत जातील पुस्तकं. फडावरच्या पाचटाच्या कोपीत पाऊस आला, वारं आलं, कोन सांभाळतंय?"

"आबा, कपाटात वाळवी खातेच आहे. तिच्यापेक्षा माणसं बरी."

मग म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर द्या."

खताच्या एका कोऱ्या पिशवीत मी पुस्तकं भरली. ती जाड कादंबरी, लहान मुलांच्या गोष्टी, एक स्वयंपाकाचं, थोडी विनोदी आणि एक बाळंतपणाच्या काळजीचं. ते शेवटचं मी काही फार विचार करून टाकलं नव्हतं. मोठ्या अक्षरातलं होतं आणि चित्रं होती, एवढंच. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीचा ट्रक निघाला तेव्हा ती बाई ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. भांडी, शेळ्या, लाकडं, पोरं आणि त्यात आमच्या वाचनालयाची पुस्तकं.

काही दिवसांनी तिचे मोबाईलवर आवाजी निरोप यायला लागले. मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज असायचा. "ताई, संभ्रम म्हंजी काय?" मी उत्तर पाठवलं, काय करावं ते न सुचणं. लगेच निरोप आला, "मग त्यो तर आमाला रोजच हुतोय की!" आणि मागे बायका हसत होत्या. म्हणजे ती एकटी वाचत नव्हती.

थंडीतल्या एका सकाळी मात्र निरोप न येता थेट फोन आला. तिच्या शेजारच्या कोपीतल्या एका पोरीला आठवा महिना चालू होता. "तिचं पाय सुजल्यात, तोंड सुजलंय, डोकं लई दुखतंय, डोळ्यापुढं अंधारी येती म्हनती. पुस्तकात लिवलंय, असं झालं तर दवाखान्यात न्या. मुकादम म्हनतो, उसाची गाडी भरून झाल्यावर बघू. ताई, पुस्तकातलं खरं असतंय ना?"

खरं असतंय ना. आजवर मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी वाचनालयाला कुलूप लावलं आणि फोन चालू ठेवूनच आरोग्य उपकेंद्राकडे पळाले. तिथल्या नर्सबाईंच्या हातात फोन दिला. त्यांनी दोन-तीन गोष्टी विचारल्या आणि त्यांचा चेहराच बदलला. "मुकादमाला फोन द्या," म्हणाल्या. मग त्याला उपकेंद्राबाहेरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रक्तदाब वाढला असणार तिचा. झटके आले तर दोघंही जातील. गाडी नंतर भरा. आधी एकशेआठला फोन लावा, मी धरून आहे."

पोरीला सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. मी दिवसभर फोनकडे बघत बसले. संध्याकाळी निरोप आला. मुलगी झाली होती, फार लहान, काचेच्या पेटीत ठेवली होती. आई शुद्धीवर होती. मी ते ऐकलं आणि कपाटांसमोरच्या बाकावर बसून रडले. आनंद होताच, पण भीती जास्त होती. ते पुस्तक मी पिशवीत टाकलं नसतं तर, हा विचार जाता जात नव्हता.

पुढे एका रविवारी मी तिकडे गेले. एसटीवर अहिल्यानगर अशी पाटी होती आणि कंडक्टर "नगर, नगर" असंच ओरडत होता. नगरला गाडी बदलून श्रीरामपूरच्या अलीकडे उतरले. पाण्याचा मुलूख, जिकडे बघावं तिकडे ऊस. त्या दिवशी कारखान्याची गाडी उशिरा येणार होती, त्यामुळे टोळी कोप्यांवरच होती. मला बघून ती धावत आली आणि बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे तिनं आधी सांगितलं. पुस्तकं पत्र्याच्या पेटीत होती, प्रत्येकाला सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं कव्हर.

चहा झाला. मग एकीनं तव्यावर भाकरी टाकली, दुसरी मुलांच्या अंगाला तेल लावत बसली आणि हिनं कादंबरी उघडून वाचायला घेतली. अडखळत, पण सूर लावून. मधेच एक म्हातारी म्हणाली, "थांब, त्या सुनंनं मागच्या येळी काय म्हनलं हुतं?" त्यावर दोघींचा वाद झाला. मी इतकी वर्षं पुस्तकं देत-घेत होते, पण दिलेलं पुस्तक घरात गेल्यावर त्याचं काय होतं, ते कधी पाहिलं नव्हतं. ट्रॅक्टरवाला आला, तेव्हा तिनं माझी ओळख करून दिली, "ह्या आमच्या लायब्ररीच्या मॅडम." त्यानं हात जोडले. ग्रंथपाल म्हणून मला कुणी केलेला तो पहिला नमस्कार असावा.

उन्हाळ्याच्या तोंडावर टोळी परतली. ती पिशवी घेऊन जिना चढून आली, आबाही तिथेच होते. पुस्तकं मळली होती, एकाला डाळीचा डाग होता, आणि बाळंतपणाचं पुस्तक नव्हतं. ती खाली मान घालून म्हणाली, "दुसऱ्या टोळीला दिलं ताई. बीडकडची मानसं. त्यांच्यात दोघी गरवार हुत्या. मागून घ्यायला जीव झाला न्हाई."

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मला म्हणाले, "दुसरं मागवा. एक नगं, सगळ्या टोळ्यांना पुरतील एवढी मागवा."

पुढच्या ग्रामसभेत वाचनालय खाली आणायचा विषय निघाला. तलाठी कार्यालयाशेजारची पुढची खोली रिकामी होती, पण ती व्यायामशाळेला द्यावी असं तरुणांचं म्हणणं होतं. एरवी ग्रामसभेत मागे बसणाऱ्या बायका त्या दिवशी पुढे बसल्या होत्या. त्यांतून ती कादंबरी नेणारी उठून म्हणाली, "तालीम पायजेच. पर तालमीला वरचा जिना चढाया काय हरकत हाय? तुमी जवान हाय." सभा हसली आणि त्या हसण्यातच निर्णय झाला.

खोली प्रत्यक्ष मिळायला बरेच महिने गेले. अजून पंखा एकच आहे आणि माझ्या मानधनाचा विषय दर बैठकीत पुढे ढकलला जातो. नव्या जागेत पहिल्या दिवशी मी कपाटं लावत होते, तेव्हा सासूबाई पहिल्यांदाच आत आल्या. त्यांना वाचता येत नाही. सगळीकडे नजर फिरवून त्यांनी विचारलं, "कुनी वाचून दाखवनारं असलं, तर बसता येतं का हितं?"

मी खुर्ची पुढे केली आणि हाताला लागलं ते पुस्तक काढलं.