टायरातला ऑक्सिजन

"हवा ती हवा, दादा! उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

"हवा ती हवा? ती माझी हवा होती! माझ्या डोक्याची! आणि तू ती ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांना भरलीस!"

"मग काय करू? कॉम्प्रेसरची मोटर घेऊन तू दुरुस्तीला गेलास. इकडे मॅडम सगळ्या गाड्या घेऊन दारात. उद्या त्यांच्या पोरांची लायसन्सची परीक्षा. गिऱ्हाइकाला काय सांगू, फुंकर मारून भरतो?"

"फुंकर मारायची होतीस! तुझ्या तोंडात बक्कळ हवा आहे!"

पंक्चरच्या दुकानात, जुन्या टायरांच्या चळतीमागे, दोघे भाऊ हमरीतुमरीवर आले होते. मध्ये उभा होता तो दवाखान्यात असतो तसला ऑक्सिजनचा सिलिंडर. त्याच्या तोंडावरचा काटा सरळ शून्यावर लोळला होता. थोरल्याने काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म.

थोरल्याची डोकेदुखी साधीसुधी नव्हती. वर्षभर तिचा पत्ता नसायचा आणि मग एकदम महिनाभर मुक्कामाला यायची. रोज संध्याकाळी, गल्लीतले दिवे लागले की, उजव्या डोळ्यामागे कोणीतरी तापलेली पहार घुसवायचं. त्याच डोळ्यातून धारा, त्याच नाकपुडीतून पाणी, डावी बाजू कोरडी ठाक. गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव 'नळ' ठेवलं होतं. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे क्लस्टर हेडेक, मायग्रेन नव्हे. दुखायला लागलं रे लागलं की ताठ बसायचं, मास्क घट्ट लावायचा, ऑक्सिजन पूर्ण सोडायचा आणि पाव तास तोच ओढायचा. पहिल्याच दिवशी पहार अर्ध्यातून परत गेली तेव्हा थोरल्याने सिलिंडरला मिठी मारली होती. बायको म्हणाली होती, "लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी अशी नाही मारलीत."

तीच बायको आता मागच्या खोलीतून कणकेचे हात घेऊन बाहेर आली.

"भाऊजी, सिलिंडरवाल्याने बजावून सांगितलं होतं ना? तेलकट हात लावायचा नाही, भडका उडेल म्हणून!"

"साबणाने धुतले होते, वहिनी. दोनदा!"

"आणि टायर? ते पण अंघोळ करून आले होते?"

धाकट्याने दाराकडे बोट केलं. तिथे खडूने लिहिलेली पाटी होती: 'येथे टायरमध्ये शुद्ध ऑक्सिजन भरून मिळेल.'

"वरच्या पेट्रोल पंपावर नायट्रोजन भरतात, तर लोक रांगा लावतात. मी म्हटलं, नायट्रोजनवर कोणी जगलंय का? माणूस ऑक्सिजनवर जगतो! मग टायरने काय घोडं मारलंय? ती मास्कची नळी कापली, व्हॉल्व्हला बसवली…"

"नळी कापलीस?" थोरल्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"थोडीशी. आणि डोकं दुखतंय तर गोळी घे ना, दादा. माझं पण दुखतं. मी चहा पितो."

थोरल्याने हात उगारला. तो हवेतच राहिला, कारण बाहेर गल्लीतले दिवे लागले.

उजव्या डोळ्याने पहिला थेंब टाकला.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "आलं?"

एरवी तो मागच्या खोलीत जायचा, दार लावून घ्यायचा, बायको उंबऱ्यावर पहारा द्यायची. पाव तासाने तो चेहरा पुसत बाहेर. धाकट्याने हे एवढंच पाहिलं होतं. आज मागच्या खोलीत जाऊन करायचं काय? थोरला दुकानातच फेऱ्या मारू लागला. भिंतीपासून जॅकपर्यंत, जॅकपासून भिंतीपर्यंत. पापणी अर्धी खाली आली. मग त्याने ट्रकच्या टायरात डोकं खुपसलं आणि कपाळ रबरावर आपटू लागला. धप. धप.

"दादा? ए दादा, नाटक नको हं." धाकटा हसायला गेला. हसू अर्ध्यावरच मोडलं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅडम उतरल्या. टायरातून बाहेर आलेले दोन पाय त्यांनी पाहिले.

"यांनी घेतलीय का?"

"नाही हो, घ्यायची होती," धाकटा म्हणाला, "पण ती तुमच्या गाडीत आहे."

मॅडमना काही उमगलं नाही, पण घाबरलेला माणूस समोर दिसला की शिकवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्या टायरापाशी वाकल्या. "खांदे सैल सोडा. समोर बघा. स्टिअरिंग गच्च धरू नका. अजिबात घाबरायचं नाही, माझ्या पायाखाली पण ब्रेक आहे."

आतून जो आवाज आला तो माणसाचा वाटत नव्हता.

धाकट्याची पाचावर धारण बसली. "वहिनी, त्या चाकातूनच परत घेऊ का? नळी जोडतो, दादाला हुंगायला…"

"टायरातली घाण नाकात? काय कमी केलंय तुम्ही, म्हणून हे राहिलंय?" बायको गाडीच्या पुढच्या चाकापाशी बसली आणि काडीने व्हॉल्व्ह दाबला. "असली हवा घेऊन कोणी रस्त्यावर फिरायला नको."

फुस्स्स.

"अहो बाई! ती माझी परीक्षेची गाडी आहे!"

"साधी भरून देऊ. शेजारून हातपंप आणते. बाकीच्या पण बोलवा."

थोरल्याला ती फुसफुस ऐकू आली. आपल्या हक्काचा पाव तास गटारावर उधळला जातोय, हे त्याला तेवढ्या वेदनेतही कळलं आणि त्याला एकदम हसू आलं. हसताना पहार आणखी आत गेली. तो टायराला आवळून कण्हत राहिला, डुलत राहिला. धाकटा शेजारी उकिडवा बसला. थोरल्याच्या पाठीवर ठेवायला हात पुढे करायचा, मागे घ्यायचा. बोटांना तेल लागलेलं होतं.

बराच वेळ गेला. चारी चाकं बसली. मग कोणीतरी बटण दाबावं तशी पहार गेली. थोरला टायरातून बाहेर आला. अर्धा चेहरा ओला, कपाळावर टायरची नक्षी.

"रोज असं होतं?" धाकट्याने विचारलं.

"रोज नाही. रोज तो असतो ना," थोरल्याने सिलिंडरकडे पाहिलं. "उद्या बघू आता."

"झालं यांचं?" मॅडम म्हणाल्या. "खरं सांगू? गाडी काय सुंदर पळत होती हो. परत तोच भरा. कधी मिळेल?"

धाकट्याने रिकामा सिलिंडर खांद्यावर घेतला. घेताना तोल गेला, सावरला.

"अरे, कुठे निघालास? सिलिंडरवाला कधीच कुलूप लावून गेला असेल!" थोरला म्हणाला.

"भाऊजी, घर तरी ठाऊक आहे का त्याचं?"

"आणि माझी स्टेपनी राहिलीय!" मॅडम म्हणाल्या.

धाकटा पायरी उतरून चालू लागला.