अंधाराचं माप

वाल्मीक तायडे नोएडातल्या एका कारखान्यात अगदी बारीक कल मोजणारी यंत्रं जुळवायचे. यंत्रातला उजेड आरशावरून परतायचा, सेन्सरवर त्याचा ठिपका पडायचा आणि तो केसभर जरी हलला तरी कल कळायचा. आरसा बसवण्यात तायडेंचा हात धरणारं तिथं कोणी नव्हतं. हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांना ते स्वतःच सांगत, त्यात त्यांना संकोच म्हणून नव्हता.

या हिवाळ्यात मात्र ठिपका सकाळी जागच्या जागी असायचा आणि दुपारपर्यंत उजवीकडे सरकायचा. आरसा ढिला बसलाय, असं सगळेच धरून चालले. तायडेंनी तो दोनदा काढून बसवला, तरी ठिपका सरकायचा तो सरकलाच. त्या धसक्यानं त्यांचा हात खरंच थरथरू लागला. दिल्लीत, मुनिरक्याच्या घरी त्यांच्या पत्नी रमाबाई चहा सांडू नये म्हणून अर्धाच कप भरून देऊ लागल्या. तो अर्धा कप तायडेंच्या मनाला फार लागला. शनिवारी साहेबांना सांगून आरशाचं काम सोडायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

शुक्रवारी दुपारी लुंबिनीनं त्यांना बोलावलं. ठिपक्याची जागा काढणारा प्रोग्राम तिचा. तिनं यंत्राचा दिवा बंद केला, वर झाकण घातलं आणि स्क्रीन दाखवली. मिट्ट अंधारातही सेन्सर उजव्या कडेला मंद उजेड दाखवत होता. त्या कडेजवळचं सर्किट दुपारपर्यंत तापतं, मग सेन्सर नसलेला उजेडही मोजतो आणि ठिपका तिकडे ओढला गेल्यासारखा दिसतो, असं तिनं समजावलं. हा खोटा उजेड वजा करायला अंधाराचं माप लागतं, आणि ते ती फक्त सकाळी, यंत्र थंड असताना घेत होती. आता तिनं ते नव्यानं घेतलं. दिवा लावताच ठिपका मुकाट्यानं जागेवर आला.

"काका, आरसा बिल्कुल हललेला नाही," ती म्हणाली. "गडबड माझ्या प्रोग्राममध्ये होती. सॉरी."

तायडेंचा जीव भांड्यात पडला. तिच्यावर रागवायला हवं, हेही त्यांच्या लक्षात आलं, पण राग काही येईना. स्टुलावर बसून त्यांनी डोळे पुसले.

संध्याकाळी रमाबाईंनी अर्धा कप पुढे केला. तायडेंनी तो परत सरकवला.

"भरून दे."

काठोकाठ भरलेला कप उचलताना हात जरा थरथरलाच, चहा बशीत सांडला. रमाबाईंनी बशीकडे पाहिलं, किटली उचलली आणि कप पुन्हा भरला.