मागच्या व्हरांड्यातला आरसा

मिसबाई गेल्या त्याला आता महिना होऊन गेला. शेवटची भेट झाली तेव्हा त्या बंगल्यातल्या आपल्या खोलीत उशांना टेकून बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "सुलोचना, या देशात मी पुष्कळ वर्षे राहिले. पण माझा सर्वांत मोठा आनंद कोणता, सांगू? तुझी आई." त्या नेहमी असंच पुस्तकी, घडी न मोडलेलं मराठी बोलायच्या, आणि हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते, म्हणून मी नुसती मान डोलावली. पण त्या दिवशी त्यांनी पुढे एक जास्तीचं वाक्य जोडलं. "मी तर सोय करून ठेवली होती. तरी तिने आपण होऊन कुंकू सोडले." कसली सोय, ते मला कळलं नाही. विचारावं तर त्यांना दम लागला होता. आणि खरं सांगायचं तर विचारायची छातीच झाली नाही, कारण मिसबाईंना भेटून माझ्या आधी बाहेर पडलेली माझी आई त्या घडीला फाटकाबाहेर, मेंदीच्या कुंपणाआड उभी राहून, आत येताना पुसलेलं कुंकू परत लावत होती.

मिसबाई म्हणजे कोल्हापुरात मिशनच्या दवाखान्यातल्या अमेरिकन नर्सबाई. नाव एडिथ, पण त्या नावानं हाक मारलेली मी तरी कधी ऐकली नाही. बाई ताडमाड उंच. बायकांच्या मापाची चप्पल त्यांच्या पायात जात नसे, म्हणून पुरुषी कोल्हापुरी घालायच्या, आणि ती करकरली की अख्खा वॉर्ड शहाण्यासारखा गप्प पडायचा. आम्ही मूळचे हुपरीचे. घरात पैंजणांचं काम. मी तिसरी-चौथीत असताना आबांची छाती बिघडली, थुंकीतून रक्त पडायला लागलं, आणि आई त्यांना एस.टी.त घालून या दवाखान्यात घेऊन आली. कित्येक महिने आबा तिथं होते. मिसबाई त्यांच्या उशाशी बसून प्रार्थना करायच्या. एक दिवस आबा त्यांना म्हणाले, "बाई, ह्यातनं उठलो तर मी तुमच्या देवाचा." आता आमच्या लेखी हा सरळसरळ नवस होता. जोतिबाला बोलावा तसा. नवस बोलला की फेडायचा, त्यात देवाची जातपात बघायची नसते. मिसबाईंनी मात्र ते वाक्य निराळ्याच कानांनी ऐकलं असावं, कारण त्या आबांचा हात धरून रडायलाच लागल्या. आबा खरोखर उठले. नवसाला पक्का माणूस, बायको-पोरांसकट सगळं घरच देवळात घेऊन गेला. देऊळ म्हणजे चर्च. आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात.

बाप्तिस्म्याच्या दिवशी आईच्या कपाळावर नेहमीसारखं रुपयाएवढं कुंकू होतं. पाळकसाहेबांच्या, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या, पत्नी म्हणाल्या, "अहो, एवढं पुसून या." आई जागची हलली नाही. "माझा न्हवरा आत्ता कुठं मरता मरता वाचलाय, आन् आजच पुसू व्हय?" मिसबाई मध्ये पडल्या. "राहू द्या. देव तिच्याशी बोलेल." मग आई पुढे झाली. पाळकसाहेबांनी ओंजळीतलं पाणी तिच्या डोक्यावर घातलं... एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आणि पाण्याबरोबर सगळं कुंकू ओघळून नाकावर, ओठावर, नव्या लुगड्यावर उतरलं. आईनं हंबरडा फोडला. पहिल्या बाकावरून मिसबाई धावत आल्या, आईला त्यांनी मिठीत घेतलं, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर ओक्साबोक्शी रडल्या. तो देखावा बघून देवळातल्या बायकाही डोळे पुसायला लागल्या. पुढे दर नाताळाला मिसबाई तो प्रसंग सांगायच्या. म्हणायच्या, "आनंदाचे असे अश्रू मी आयुष्यात पुन्हा पाहिले नाहीत." आणि बायकांच्या रांगेत बसलेली माझी आई खाली मान घालून लुगड्याचा काठ चाचपत राहायची. ती कशानं रडली होती ते आम्हाला घरच्यांना ठाऊक होतं. भर देवळात, नवरा शेजारी उभा असताना, आपलं कुंकू धुऊन गेलं, एवढंच तिला त्या क्षणी दिसलं होतं. पुढचे कित्येक दिवस आबांना साधा ठसका लागला तरी ती चुलीवरची भाकरी तव्यात टाकून धावत यायची.

हे मिसबाईंना सांगायचं कुणी? त्यांचा तो उजळलेला चेहरा पाहून कुणाची जीभ रेटणार? हुपरीच्या चुलत्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं, आम्ही कोल्हापुरात बिऱ्हाड केलं होतं, गुजरीतल्या एका सराफी दुकानाचं काम आबा घरी आणत होते, आणि या परक्या गावात आमचं म्हणावं असं माणूस म्हणजे मिसबाईच. आणि आई काही ढोंगी नव्हती, हेही सांगायला हवं. ती मनापासून प्रार्थना करायला शिकली. दूध उतू जायला लागलं तरी "येशूबाप्पा" म्हणते अजून. फक्त कुंकू हे तिच्या हिशेबी देवाचं नव्हतंच, ते आबांचं होतं. म्हणून तिनं आपल्यापुरता तोडगा काढला. रविवारी देवळाच्या दाराशी पदरानं कपाळ पुसायचं. उपासना झाली की आम्ही मिसबाईंच्या बंगल्यावर चहाला जात असू. तिथं मागच्या व्हरांड्यात, खिडकीच्या काचेत अंदाजानं बघत, कनवटीच्या पुडीतलं कुंकू तिनं परत लावायचं, आणि वर पदर पुढे ओढून घ्यायचा.

एका रविवारी मिसबाई चहाचा ट्रे घेऊन अचानक त्या दारानं बाहेर आल्या. आईचं बोट कपाळावरच होतं. मी केकवर डोळा ठेवून बसले होते, तरी तो क्षण मला नीट आठवतो. मिसबाई थबकल्या, ट्रे ठेवला, "साखर विसरले" म्हणून आत गेल्या. साखर ट्रेमध्येच होती. पुढच्या रविवारी त्या व्हरांड्यात, खिडकीशेजारी, एक नवा आरसा टांगलेला होता. त्यावर कुणी अवाक्षर बोललं नाही. आईनं आरशाकडे एकदा बघितलं आणि त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायली. त्या दिवसापासून बंगल्यात तिनं कुंकू लावलं नाही. फाटकाबाहेर पडल्यावर, मेंदीच्या आड लावायची... थेट मिसबाई जाईपर्यंत.

बंगल्यातली मिसबाईंची खोली आवरायचं काम मिशननं मला सांगितलं. मी शाळेत शिकवते, मला सुट्टी होती. मदतीला मिसबाईंचे जुने स्वयंपाकी याकोबमामा होते. सगळं आवरून झाल्यावर व्हरांड्यातला आरसा काढायला गेले, आणि पहिल्यांदाच मला जाणवलं की त्यात मला माझा चेहरा दिसत नाही, गळा दिसतो. मी काही फार उंच नाही. मिसबाईंना तर त्यात पोटच दिसलं असतं. एवढ्या खाली आरसा टांगतं कोण? त्याच्याखाली भिंतीत एक छोटा कोनाडा होता, नेहमी फर्नच्या कुंडीमागं झाकलेला. कुंडी सरकवली तर मागं एक पितळी डबी. उघडली, तर आत मेण. कुंकवाच्या खाली लावतात ते.

"ह्ये हितंच हाय व्हय अजून!" याकोबमामा म्हणाले. "मिसबाईंनी मलाच धाडलं हुतं म्हाद्वारात. मी म्हनलं, बाई, देवीच्या दारातनं मेण आणायचं, आपल्याला कशाला? तर म्हणल्या, कुणाला तरी लागेल. चार दिस बोललो न्हाय मी त्यांच्यासंगं."

मी डबी उजेडात धरली. मेण आरशासारखं गुळगुळीत. त्याला एकही बोट लागलेलं नव्हतं.

आईला बोलावून आणलं. आबाही आले, पण जिने-पायऱ्या नकोत म्हणून फाटकाशीच, सामान न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याबरोबर थांबले. आईनं डबी बघितली, आरसा बघितला. याकोबमामांनी तिला सगळं पुन्हा सांगितलं. ती तिथल्याच बाकावर बसली.

"मला वाटलं रागानं लावलाय," ती म्हणाली. "माझी सासू अशीच करायची. तोंडानं बोलायची न्हाय कधी. भाकरी करपली की ती करपलेलीच म्होरं आणून ठिवायची. म्हनलं, बाईनं पण तसंच आरसा म्होरं ठिवला. बघ म्हणती आपलं त्वांड."

"आणि तू लावायचं बंद केलंस, म्हणून त्यांना वाटलं, तू आपण होऊन सोडलंस."

"व्हय की..." आई म्हणाली. मग एकदम, "म्हंजे बाई उगंच खूश हुत्या की गं, सुले?"

पहिल्यांदा त्या आनंदल्या त्या आईच्या आकांताला, दुसऱ्यांदा आनंदल्या त्या तिच्या गैरसमजाला. मग खरा आनंद कोणता? पण ज्या बाईनं चर्चमधून येऊन महाद्वारातून मेण मागवलं, तिला काय दिसत होतं आणि काय नव्हतं, हे मी कोण सांगणार? कधी वाटतं, त्यांना मेंदीआडचंही माहीत होतं. कधी वाटतं, छे, अजिबात नव्हतं. मला त्यांचा राग येतो, की तोंड उघडून एकदा बोलल्या का नाहीत. मग आईचा येतो. मग मला नुसतं रडूच येतं.

आई उठली. पदरानं आरसा पुसला. त्यात तिचा चेहरा बरोबर मधोमध बसला, सुरकुत्यांसकट. तिनं डबीतल्या मेणावर बोट घासलं. वर्षानुवर्षांचं मेण, लवकर सुटेना. बोट तोंडाशी नेऊन तिनं फुंकर घातली, पुन्हा घासलं, आणि कपाळावर टेकवलं. मग कनवटीची पुडी काढून सावकाश, गोल, कुंकू लावलं. "बरं दिसतंय न्हवं, मिसबाई?" तिनं आरशाला विचारलं.

फाटकातून आबा ओरडले, "आटपा की! टेम्पो थांबलाय." आई म्हणाली, "आले, आले," पण हलली नाही.

आरसा आता आमच्या घरी आहे. आबांनी तो वर टांगायला खिळा मारला होता, आईनं उपटायला लावला. आरसा तिच्याच उंचीवर राहिला, त्यामुळे मला रोज शाळेत जाताना गुडघे वाकवून भांग काढावा लागतो. डबी त्याच्याखालीच आहे. आई ते मेण पुन्हा वापरत नाही, घरचं वेगळं आहे. डबीतल्या मेणावरची बोटाची ती एकच खूण मी रोज बघते.