मुलीला इंग्रजी येत नाही

माझे वडील आमच्याच हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर होते. मालवणापासून गोव्याच्या हद्दीपर्यंत आपल्याइतकं शुद्ध इंग्रजी कुणाला येत नाही, असं त्यांचं मत होतं, आणि ते तपासून बघणारं दुसरं कुणी नसल्यामुळे ते मजेत टिकून होतं.

आठवीत इंग्रजी सुरू झालं की पहिल्या दिवसापासून निगडीचा फोक, म्हणजे ओली लवचीक छडी, टेबलावर. 'गो, वेंट, गॉन' आम्ही पाढ्यांच्या चालीवर म्हणायचो. मग कर्तरीचं कर्मणी. 'मी आंबा खातो' याचं 'माझ्याकडून आंबा खाल्ला जातो' करण्यात अख्खं सत्र जायचं. आंबा खाल्ला गेला, भात कापला गेला, गाय बांधली गेली. चार वर्षांत 'तुझं गाव कुठलं?' एवढंही कुणी कुणाला इंग्रजीत विचारलं नाही. मला मात्र सगळं तोंडपाठ होतं. वर्गात मुलगी मी एकटीच, त्यात मास्तरांची, म्हणून चुकले की इतरांपेक्षा दोन फोक जास्त.

अकरावीत मॅट्रिकचे फॉर्म आले आणि त्याच आठवड्यात बांद्याचं स्थळ आलं. मुलाचं घरचं दुकान, किराणा आणि रॉकेल. मुलगा मॅट्रिकला तीनदा बसलेला आणि तिन्ही वेळा इंग्रजीत त्याची दांडी उडालेली. वडिलांनी माझा कोरा फॉर्म कपाटात ठेवून दिला. मला मॅट्रिक व्हायचं होतं, शिक्षिका व्हायचं होतं, आणि तेही हातात फोक न घेता. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "आधी ते बघून जाऊंदेत."

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला माजघरात बोलावलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "इंग्रजी येता काय म्हणान इचारल्यानी, तर नाय म्हणान सांग. तेंचो झील मॅट्रिक नापास आसा. तेका कमीपणा वाटतलो."

ज्या माणसानं चार वर्षं माझे तळहात सुजवले, तो मला हे सांगत होता! मला इतका संताप आला की पोह्यांत मीठ दोनदा पडलं.

मुलगा मान खाली घालून बसला. बोलायचं खातं त्याच्या काकांकडे होतं. रांधण्याचं विचारून झालं, शिवणाचं झालं, मग ते जरा पुढे सरकले.

"इंग्रजी येता मा गो तुका?"

मी वडिलांकडे पाहिलं. ते घरचा खांब पहिल्यांदाच दिसल्यासारखे खांबाकडे बघत होते.

"नाय," मी म्हणाले.

"थोडासा पण?"

"माका कायच येणा नाय." हे मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं.

काकांनी बशी खाली ठेवली. मुलानं मान वर केली, तीही निराश होऊन. मला काही कळेना.

चार दिवसांनी, स्थळ आणणारे शेजारी नकार घेऊन आले. दुकानाचे परवाने, अर्ज, कचेरीतली पत्रं, सगळं इंग्रजीत. मुलाला ते झेपत नव्हतं, म्हणून खास इंग्रजीच्या मास्तरांची मुलगी बघायला ते लोक आले होते. वर काकांचा निरोप असा, "मास्तरांनी आपल्या चेडवाक शिकवूक नाय, ते गावच्या पोरांका काय शिकवतले?"

शेजारी पायऱ्या उतरले आणि वडील माझ्यावर खेकसले, "तुका तोंड नाय होता? येता म्हणान सांगूक काय झाला होता?"

आजवर मी त्यांना घाबरत होते. त्या क्षणी ती भीती संपली, आणि तिच्या जागी जे आलं त्याला आदर म्हणता येणार नाही. मी कपाटातून फॉर्म काढला आणि त्यांच्या समोरच बसून भरायला घेतला. नाव, गाव, शाळा, सगळं इंग्रजीत, एकदाही न अडता. चुका शोधायची सवय, त्यामुळे ते वाकून बघत होते. एकही सापडली नाही. मग वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आला. तिथे मी पेन थांबवलं.

"बाबा, हयसर काय लिवू? इंग्रजीचे मास्तर म्हणान लिवू, की ता पण सांगूचा नाय?"

त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं, तो रकाना तसाच सोडला आणि खाली सही केली.